फोरमनच्या न बसलेल्या हाताबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
सहकारी जिनिंग व प्रेसिंग कारखाना,
मौजे बोरतलाव, महागाव रस्ता, जिल्हा यवतमाळ.

विषय : नवीन कामगार प्रवेश-नियमांतून अर्जदारास सूट मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर नियम, सन १९५८ (लेखक : अर्जदार स्वतः).
२) आपला नेमणूक-आदेश, दिनांक ६ नोव्हेंबर १९६४.

महोदय,

१. अर्जदार डोमाजी सखाराम भगत हा नागपूर येथील तंत्रशाळेत तीन वर्षे शिकून सन १९२६ पासून कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे जीनच्या, कामात आहे. दिनांक ३१ ऑक्टोबर रोजी तो आपल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाला. निरोपाचा हार पुरता सुकलाही नव्हता, तोच आपण कृपावंत होऊन त्यास 'नवीन कामगारांचा शिक्षक' या जागेवर ९ नोव्हेंबरपासून पुन्हा नेमले. त्या सकाळी तो भोंग्याच्या पंधरा मिनिटे अगोदर, स्वतःचा पाना पुसून, फाटकावर हजर झाला. तेथे नवे फोरमन श्री. उत्तमसिंग यांनी त्याच्या हाती प्रवेशाचा कोरा नमुना ठेवला. आदेशात 'नवीन नेमणूक' असे शब्द असल्यामुळे अर्जदार नवीन कामगार ठरतो, व त्यास सात दिवसांचा प्रवेश-क्रम लागू होतो, असे त्यांचे म्हणणे. "साहेब, नियम तुमीच लिवला. मले त तुमीच पाठ करवला," असे ते अत्यंत नम्रपणे म्हणाले. उत्तमसिंग हे अर्जदाराचेच विद्यार्थी असल्याने त्यांच्या वाचनात चूक निघाली नाही.

२. हे नियम का करावे लागले, हे आपणांस ज्ञात आहेच. सन १९५७ च्या हंगामात रामलाल नावाच्या नव्या माणसास कोणीतरी तेलाची बुधली देऊन 'जीनला तेल दे' एवढेच सांगितले. त्याने मनापासून काम केले. जे फिरते त्यास तेल, या समजुतीने त्याने रोलरचे कातडेही न्हाऊ घातले. कातडे कोरडे असले तरच रुई धरते. बारा रोलर वाया गेले आणि रामलाल लाजेने तांड्यावर निघून गेला तो परतला नाही. चूक रामलालची नसून सांगणाराची होती, असे अर्जदाराने तेव्हा लिहून ठेवले व नियम तयार केले.

३. त्यानुसार पहिल्या दिवशी नव्या माणसाने हात पाठीमागे बांधून केवळ यंत्र पाहावे व ऐकावे. अर्जदार आठ तास तसा उभा राहिला. दहाच्या सुमारास सहा नंबरच्या जीनचा पट्टा सरकताना त्यास दिसला. त्याने बोट उचलताच, "नव्या माणसानं पयल्या दिवशी बोट दाखवाचं नाही," अशी उत्तमसिंगांनी त्यास आठवण करून दिली. दहा वाजून वीस मिनिटांनी पट्टा निसटला. अर्जदाराने हात पाठीमागेच ठेवले, याची नोंद व्हावी.

४. नियम तीनप्रमाणे प्रत्येक नव्या माणसास एक जुना जोडीदार मिळतो. अर्जदाराच्या वाट्यास श्रीमती लालीबाई आल्या. या बाई वीस हंगाम जीनला कापूस चारीत आहेत. याच नियमात असेही आहे की, नव्यास धीटपणे विचारता यावे म्हणून आठवडाभर कोणी कोणास साहेब म्हणू नये, आणि नव्याने रोज तीन प्रश्न विचारावेत. अर्जदाराने दुसऱ्या दिवशी रोलरचा व्यास, फेऱ्यांची गती व सुरीचे अंतर असे तीन प्रश्न विचारले. लालीबाईंनी तिन्ही नामंजूर केले. "डोमाजीभाऊ, हे प्रश्न नाही, हे परीक्षा हाये. जे तुमाले ठाऊक हाये ते मले काहून विचारता? ठाऊक नसन ते विचारा." अर्जदारास त्या दिवशी तसा एकही प्रश्न सुचण्यापूर्वी सुट्टीचा भोंगा झाला.

५. चौथ्या दिवसापासून प्रत्यक्ष कापूस चारणे सुरू झाले. अर्जदाराने घड्याळ समोर ठेवून दर चार सेकंदांस एक सारखी मूठ, अशी पद्धत आखली. लालीबाईंनी खालची सरकी ओंजळीत घेऊन फुंकली, अवेळी चारल्याने फुटलेले दाणे वेगळे काढले आणि ते अर्जदाराच्या तळहातावर ठेवले. "जीनले भूक लागन तसं द्या. घड्याळाले भूक लागत नाही." नियम सहाप्रमाणे जोडीदाराने 'हात बसला' असा अंगठा दिल्याशिवाय क्रम पुरा होत नाही. शनिवारी संध्याकाळी अर्जदाराने नमुना व शाई पुढे केली. बाईंनी अंगठा पदराला पुसून मागे घेतला. "हात बसला नाही त अंगठा कायले देऊ?"

६. नियम आठ असा : सात कामाच्या दिवसांत ज्याचा हात बसणार नाही, त्यास आभार मानून घरी पाठवावे. अर्जदाराचा सातवा दिवस सोमवार, १६ नोव्हेंबर हा आहे. उत्तमसिंगांनी आभाराचे चार शब्द आजच तयार ठेवले आहेत, असे कळते. सबब अर्जदारास नियमांतून सूट मिळावी, ही विनंती.

(येथपर्यंत शनिवारी लिहिले. पुढील मजकूर सोमवार दुपारचा. लिहिलेली ओळ खोडू नये, खाली दुरुस्ती लिहावी, हा अर्जदाराचा नोंदवहीचा नियम असल्याने वरील विषय तसाच ठेवला आहे.)

७. आज सकाळी अर्जदाराने लालीबाईंना आपला या सात दिवसांतील पहिला खरा प्रश्न विचारला : हात बसला हे तुम्हांस कशावरून कळते? त्यांनी अर्जदारास डोळे मिटावयास सांगितले. जीनचा आवाज भरून येतो, मग किंचित मोकळा होतो. त्या मोकळ्या आवाजावर मूठ पडली पाहिजे. तंत्रशाळेत व त्यानंतरच्या अडतीस वर्षांत अर्जदाराने हे ऐकले नव्हते. बहुधा ऐकले होते, पण यंत्राची तक्रार म्हणून. अकरा वाजेपर्यंत त्याच्या दहा मुठींपैकी चार बरोबर पडल्या. "अजून दोन दिस," बाई म्हणाल्या. आणि हात न थांबवता पुढे म्हणाल्या, "जमनीलेही दोनच दिस पाह्यजे होते, भाऊ. म्या तवा सांगतलं होतं तुमाले."

८. जमनी ही सन १९६१ मध्ये सातव्या दिवशी घरी पाठवलेली कामगार. तिचे आभार अर्जदाराने स्वतः मानले होते. जेवणाच्या सुट्टीत त्याने जुनी वही काढून पाहिली. नियम आठखाली एकूण अकरा माणसे गेली. पैकी सात नावांपुढे जोडीदाराचा शेरा 'आणखी थोडे दिवस' असा आहे. तो अर्जदाराच्याच अक्षरात आहे, कारण जोडीदारांना लिहिता येत नव्हते. त्याने तो शेरा लिहिला, वाचला नाही.

९. तरी विषयाची दुरुस्ती पुढीलप्रमाणे वाचावी. अर्जदारास सूट नको. नियम आठमधून सात दिवसांची अट काढावी. हात बसला की नाही, हे जोडीदाराने ठरवावे, पंचांगाने नव्हे. त्या सात जणांस बोलावणे धाडावे, प्रथम जमनीस. 'नवीन कामगारांचा शिक्षक' ही जागा लालीबाईंस द्यावी. अर्जदार त्यांच्या हाताखाली लिहिण्याचे काम आनंदाने करील. आपला निर्णय येईपर्यंत जुना नियम लागू असल्याने, आज भोंगा झाल्यावर अर्जदार उत्तमसिंगांचे आभार स्वीकारून घरी जाईल. भाषणासाठी त्यांनी नवा सदरा घातला आहे, त्यांचा विरस होऊ नये.

कळावे, बोलावण्याची वाट पाहत,

आपला आज्ञाधारक व अद्याप नवा,
डो. स. भगत
दिनांक १६ नोव्हेंबर १९६४

सोबत :
१) प्रवेश-नियमांची प्रत, नियम आठवर पेन्सिलीची खूण.
२) सात जणांची नावे व तांड्यांचे पत्ते.
३) अर्जदाराचा प्रवेश-नमुना. अंगठ्याची जागा कोरी आहे. ती भरण्यास बाईंच्या मते दोन दिवस लागतील. अर्जदाराच्या मते तीन.