लाइन बंद नव्हती

अण्णा, आज सकाळी नेट गेलं आणि तुमची आठवण आली असं लिहिलं तर खोटं होईल. आठवण रोजचीच आहे. आज तुमचा नियम मोडला आणि त्याची बोलणी दुसऱ्याच माणसानं खाल्ली, म्हणून लिहायला बसलेय.

मी हल्ली घरूनच काम करते. कंपनी पुण्यातली, घर मस्तगडातलं आपलंच. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ज्या फळीवर आपला फोन असायचा, तिथं आता नेटचा पांढरा डबा आहे. त्याचा दिवा हिरवा असला की कॉम्प्युटर जगाशी बोलतो, लाल झाला की ठप्प. सकाळी लाल झाला. अकराला माझी मीटिंग. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, डब्याचं बटण दहा वेळा दाबलं, सेटिंगमध्ये शिरून नको ते बदलून ठेवलं, आणि मग केबलवाल्याला फोन लावून झाप झाप झापलं. घरात बघितलंच नाही. तुम्ही जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन होतात आणि मी तुमची मुलगी, हे कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

मी चौथीत होते तेव्हा असाच फोन बंद पडला होता. मी शेजारच्या काकूंना ऐटीत सांगून आले, "खांबावरची तार तुटलीय, आमचे अण्णा येऊन जोडणार आहेत." तुम्ही घनसावंगीच्या ड्यूटीवरून आलात, पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नाहीत, आणि फळीवरच्या वर्तमानपत्राखालून आडवा पडलेला रिसीव्हर उचलून जागेवर ठेवलात. मीच खेळताना पाडला होता. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "लोकाच्या खांबावर चढायच्या आधी आपली भिंत बघ पोरी. घरातून खांबाकडं जायचं, खांबावरून घराकडं न्हाई." आणि मला काकूंकडं परत पाठवलंत, खरं सांगून यायला. मी रडत गेले. आजोबा मेंढ्यांमागं पायी फिरले, तुम्ही तारांमागं. दोघांचाही हिशेब सरळ होता, चुकलेलं जिथं चुकलं तिथूनच शोधायचं.

तर केबलवाला आला. केस पिकलेला, दम लागलेला माणूस. शिडी लावून खांबावर चढला, त्याच्या यंत्रानं तपासलं आणि दारातून म्हणाला, "बाई, खांबावर बिलकुल बराबर आहे. फॉल्ट घरातच असंल." झालं! आईला तेवढंच पुरलं. ती आता खाटेवरून फारशी उठत नाही, पण तोंड शाबूत आहे. "घरात कसा असंल? तुमचं पाप आमच्या गळ्यात घालता व्हय? तुम्ही वायरवाले समदे सारखेच. याच घरचा फोन एका मुडद्यानं बंद ठेवला अन् माझा माणूस गेला. लाइनमनच्या घरची लाइन बंद! ऐकलंय कुठं?" तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "आजी, पुन्यांदा बघतो," आणि परत शिडीकडं गेला.

तो बाहेर गेला आणि मला आईच्या खाटेचा पाय दिसला. काल मीच खाट कूलरपाशी सरकवली होती. डब्याकडं जाणारी बारीक पिवळी वायर पायाखाली चेपली होती. मी खाट उचलून वायर सोडवली, आणि घडीभरानं दिवा हिरवा झाला. आई म्हणाली, "बघ, दटावलं तसं केलं का न्हाई चालू?" तो चप्पल घालायला दारात आला, हिरवा दिवा बघून चकित झाला. "मी तर अजून काहीच केलं न्हाई, नुसतं झाकण लावून राह्यलो होतो." आई माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "बाहेरचाच फॉल्ट होता, आई." त्यानं माझ्याकडं बघितलं, सरकलेल्या खाटेकडं बघितलं, आणि गेला.

अगदी तसंच, अण्णा. त्या दिवशीसारखंच. तेव्हा मी कॉलेजात होते आणि जुना कॉम्प्युटर तुम्हीच कुठून तरी मिळवून मला आणून दिला होता. तेव्हा नेट फोनच्याच तारेतून यायचं. नेट लावलं की फोन अडकायचा, बाहेरून कुणाचा लागायचा नाही. आईला हे ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं. म्हणून तुम्ही घातलेली एकच अट, दुपारी बारा ते दोन लाइन मोकळी ठेवायची. एक वाजता जेवणाचा डबा उघडायच्या आधी तुम्ही घरी फोन करायचात, "जेवले का?" एवढंच विचारायला. त्या दिवशी आई गल्लीत बारशाला गेली होती. मी साडेबाराला नेटवर बसले आणि कुणा अनोळखी माणसाशी फालतू गप्पा मारत अडीचपर्यंत उठले नाही.

तुमच्या एक्स्चेंजसमोरच्या चहावाल्यानं नंतर सांगितलं. छातीत कळ आली होती, जीप उभी होती, लोक म्हणत होते दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, "घरी कळवतो, मंग निघतो, उगं घाबरतील." फोन लावत राहिलात. पहिली जीप गेली. दुसरीत बसलात आणि अंबडच्या अलीकडंच संपलात. संध्याकाळी निरोप घेऊन आलेल्या माणसानं विचारलं, फोन का लागत नव्हता? सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "सकाळपासून बंद आहे."

आपल्या भागाची लाइन तुमचे दोस्त, आमचे काका, बघायचे. दुसऱ्या दिवशी ते आले, रिसीव्हर कानाला लावला. तार चांगली होती. फोनच्या खोबणीतून कॉम्प्युटरकडं गेलेली वायर त्यांनी बघितली, काढली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ठेव हे आत," म्हणाले. तेराव्याला आईनं भरल्या पंगतीत त्यांना सांगितलं की माझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नका. त्यांनी हात जोडले आणि न जेवता गेले. मी वाढत होते. हातात भाताची परात होती, ती घेऊन मी तशीच उभी राहिले.

एक गोष्ट मला कधीच झोपू देत नाही. बंद लाइनवर फोन लावला तर नुसती घंटी जात राहते, आणि लाइन अडकलेली असली की टूं-टूं ऐकू येतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. जन्मभर तारांना कान लावलेला माणूस तुम्ही. तुम्हाला कळलं असणार, अण्णा. लाइन जिवंत आहे, पोरगी नेटवर आहे, आत्ता उठेल, हे समजून तुम्ही थांबला असणार. माझ्या भरवशावर थांबलात, ते मला सहन होत नाही.

मागच्या महिन्यात काका बसस्टँडवर भेटले. काठी आलीय, दिसतं कमी. "आई बरीय का?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, बरीय. ते अजून वाट बघत उभे होते. मग माझी बस आली.

हे कुठं पाठवायचं नाही, तुमच्याच जुन्या पिशवीत ठेवीन. आणि आता एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. हे पत्र खरं तर तुमचं नाही, काकांचं आहे. ते दोन गल्ल्या सोडून राहतात, चालत गेलं तर पाच मिनिटं. पण ते जिवंत आहेत, म्हणून तुम्हाला लिहिलं.