दिगंबररावांची डाय

७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी दिवा लावायला गेले तर देवापुढचं निरांजन गायब. सापडलं बाल्कनीत. आमचे दिगंबरराव स्टुलावर बसून रिकाम्या काडतुसाची मान ज्योतीवर काळी करताहेत.
"अहो, देवाचं आहे ते."
"देवाला घाई नाही. मला आहे."
काजळी कशाला? तर उडवलेल्या काडतुसाचं पितळ फुगतं. पुन्हा भरायचं तर मान आवळावी लागते, नाहीतर नवी गोळी धरून राहत नाही. हे आवळायचं काम डायचं, म्हणजे पोलादी साच्याचं. ती हातानं दाबायच्या प्रेसमध्ये आट्यांवर बसते. खाली फिरवली की मान जास्त आवळते, वर घेतली की कमी. काजळी पुसली जाते तिथवर डाय पोचली, असं समजायचं. एवढ्याशा गोष्टीत माणसाची अख्खी संध्याकाळ गेली. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सांगा — तिथे लक्ष नसतं.

८ जानेवारी

डाय पाव आटा खाली.

९ जानेवारी

डाय पाव आटा वर.

१० जानेवारी, शुक्रवार

शेफालीचा बंगलोरहून फोन. "बाबा काय करताहेत?"
"मान आवळताहेत."
"कुणाची गं?"
"सध्या पितळेची."
लेक खूप हसली. बाल्कनीतून आवाज आला, "ऐकू येतंय मला."

१२ जानेवारी, रविवार

नेमबाजीच्या रेंजवर गेलो. राज्य स्पर्धेत आमच्या क्लबला या प्रकारात एकच जागा आहे आणि उरलोय आम्ही दोघं नवराबायको. सेक्रेटरी मच्छिंद्र हात जोडून म्हणाले, "वहिनी, घरात ठरवा आणि गुरुवारपर्यंत कळवा. मला मध्ये घेऊ नका."
येताना हडपसरला तासभर अडकलो. ठरवायला वेळ भरपूर होता. बोललो वांग्याच्या भावावर.
रविवारी घरी एकटीला कंटाळा यायचा, म्हणून मी चाळिशीत यांच्या मागे रेंजवर जायला लागले. वर्षभर माझे गुण यांच्यापेक्षा जास्त आहेत. हे त्यावर अवाक्षर काढत नाहीत. फार तर म्हणतात, "आज वारा नव्हता."
मला जायचंय. इथे तरी खरं लिहावं — मला फार जायचंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ दिला तर बदल्यात व्याख्यान मिळालं. काडतूस ज्या रायफलीत उडतं तिच्या मापाचं होऊन बसतं. आमच्या दोन्ही रायफली एकाच बनावटीच्या, तरी एकीतलं दुसरीत जाईलच असं नाही. "म्हणून फक्त मान आवळायची, अंगाला हात लावायचा नाही."
मी म्हटलं, "सासूबाईंनीही तुमच्या बाबतीत एवढंच केलेलं दिसतंय. बाकी तसंच सोडलं."
हसले नाहीत. तिळगुळाचा चौथा लाडू मात्र उचलला.

१५ जानेवारी, बुधवार

हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला. डाय शेवटी घट्ट बसवलेली, शेजारी तयार केसेसचा, म्हणजे मान आवळलेल्या रिकाम्या काडतुसांचा, डबा. एवढं काय साधलंय म्हणून एक रिकामी केस यांच्या रायफलीत घालून पाहिली. बोल्ट, म्हणजे मागचा खटका, बंद होईना. दुसरी घातली. तीही अडली. तिसरी तशीच.
चिडवायला आयतं सापडलं होतं, पण हसू आलं नाही. डाय नको तेवढी खाली उतरली असणार, केसचा मानेखालचा खांदा दबून अंग फुगलं असणार. अशी चूक यांनी कधी केली नव्हती. दुसऱ्याची केस अडली तर लोक यांच्याकडे यायचे. म्हणजे ऑपरेशन झालं तरी डोळा साथ देत नाहीये, आणि सांगत नाहीयेत. मला भीती वाटली.
सगळं होतं तसं ठेवलं. उद्या मच्छिंद्रना फोन करून माझं नाव मागे घेणार. यंदा यांनाच जाऊ दे, पुढच्या वर्षी कोण जाणे. तयार काडतुसं क्लबमधून मिळतील. यांना यातलं काही कळू द्यायचं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

चहाच्या आधीच यांनी डबा पुढ्यात ठेवला. म्हणाले, "घालून बघ. तुझ्या रायफलीत." घातली. बोल्ट दोन बोटांनी बंद झाला. दुसरी, तिसरी — सगळ्या तशाच. पावसाळ्यापासून हे मी उडवलेल्या केसेस वेचून वेगळ्या ठेवत होते.
विचारलं, "आणि तुमच्या कुठायत?"
"माझ्या कशाला? रविवारी तू गाडीत बसलीस ना, तेव्हाच मच्छिंद्रला सांगितलं — शालन जातेय."