पुठ्ठ्याच्या पडद्यामागे

मॅनिटोवॉक,
मंगळवार, ७ एप्रिल १९९८

प्रिय लाइल,

पाकिटावरचं माझं नाव बघून तू ते न फोडताच केरात टाकलं नसशील, असं धरून लिहितोय. हे पत्र खेळाच्या मंडळाचं नाही, माझं आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय आणि शेजारीच हिल्डा पाव मळतेय, तेव्हा कागदाला पीठ लागलेलं दिसलं तर समजून घे.

आम्ही दोघं ठीक. माझा खुबा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो. डॉक्टरलाही त्याचं कारण सांगता आलं नाही. बंदरातला बर्फ गेल्या आठवड्यात फुटून गेला. येत्या रविवारी ईस्टर, म्हणून चर्चचं तळघर आपल्याला नाही, खेळही नाही. नील परत यायला लागलाय. डोरीनची कॉफीनं भाजलेली मांडी बरी झाली, डागसुद्धा राहिला नाही, पण ती अजून सगळ्यांना सांगत असते.

मुद्द्यावर येतो. मॅडिसनहून मंडळाच्या हार्टुंगबाईंनी तुझ्या अर्जाची प्रत मला पाठवली. शनिवारी १८ तारखेला सकाळी दहा वाजता सुनावणी आहे, हे तुला कळलं असेलच. त्या दिवशी तुझी बंदी एकतर उठेल, नाहीतर कायमची होईल. कायमची झाली, की राज्यातल्या एकाही टेबलावर, एकाही मेळाव्यात तुला बसता येणार नाही. अर्जात तू लिहिलंयस, ‘नॉर्बर्ट श्मिट्झ फाशाबद्दल खोटं बोलले.’ त्या ओळीखाली बाईंनी रेघ ओढून समासात लिहिलंय, ‘एवढंच बाकी होतं. दोन ओळींत उत्तर द्यावं.’

मला ते दोन ओळींत जमेना. म्हणून आधी तुला लिहायला बसलो.

लाइल, तुझ्याबरोबर खेळणं म्हणजे डोक्याला ताप होता. हे तुला मी अकरा वर्षांत एकदाही तोंडावर सांगितलं नाही. गोष्ट मी सांगायची, पात्र ज्याचं त्यानं खेळायचं आणि काय घडतं ते फाशानं ठरवायचं, एवढाच तर आपला खेळ. नियमांचं पुस्तक तुला पाठ, त्याला रंगीत कागदांच्या खुणा लावलेल्या, त्याचं मला कौतुकच होतं. मी स्वतः आठवीनंतर शाळा पाहिली नाही, जे काही वाचलं ते कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. पण डोरीनची पाळी आली की तिनं काय करावं ते तूच सांगायचास. तिनं ऐकलं नाही की उसासा टाकायचास, तोही सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. एकदा तर तिचा फासा तूच टाकलास. ‘वेळ वाचवला,’ म्हणालास. ती म्हणाली, ‘बाबा रे, वेळ घालवायलाच तर येते मी इथे.’ सगळे हसले. तू हसला नाहीस.

आणि जानेवारीतला तो पूल. नील पोस्टात टपाल लावण्याचं काम करतो, दिवसभरात चार शब्द बोलत असेल नसेल. पुलावरच्या राक्षसाशी त्याचं पात्र बोलणार म्हणून त्यानं महिनाभर ते भाषण घरी लिहून घोकलं होतं. उभा राहिला, कान लाल झाले, पहिलं वाक्य बोलला, आणि तू पुस्तक उघडून म्हणालास, ‘त्या राक्षसाला आपली भाषा येत नाही. पान एकशे बारा.’ नियमानं तुझं बरोबर होतं. नील खाली बसला, कागदाची घडी करून खिशात घातली, आणि त्यानंतर तू असेपर्यंत आलाच नाही.

तेव्हा डोरीन मला गाडीपाशी गाठून म्हणाली, ‘नॉर्ब, तो तरी राहील नाहीतर आम्ही तरी. टेबल तुझं आहे. तू बोल.’

‘बोलतो,’ मी म्हणालो.

मी बोललो नाही. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. कारखान्यात मी चाळीस माणसांवर मुकादम होतो आणि तिथेही माझी हीच गत. माणसाला समोर बसवून ‘तुझं हे चुकतंय’ म्हणायचं, की माझी जीभ टाळूला चिकटते. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात. मीही म्हणू देतो.

आता ८ फेब्रुवारी. तुझा भिक्षू ऑस्वाल्ड सगळ्यांच्या पुढे जाऊन त्या दगडी श्वापदाच्या दारात उभा राहिला. तिथे उभं राहणं शहाणपणाचंच होतं. तू हिशेब बरोबर केला होतास. श्वापदाचा घाव बसायला वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस किंवा वीसच पडायला हवे होते. माझ्यापुढे उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्यामागचे फासे मी टाकतो, ते मलाच दिसतात, बाकीच्यांनी माझ्या शब्दावर जायचं. एकोणीस वर्षं लोक माझ्या शब्दावर जात आलेत.

मी फासा टाकला आणि म्हणालो, ‘एकोणीस.’

ऑस्वाल्ड मेला. अकरा वर्षांचा भिक्षू. दर रविवारच्या माझ्या सह्या असलेला त्याचा नोंदीचा कागद तू प्लास्टिकमध्ये ठेवायचास. आपल्या टेबलाची रीत अशी, की मेलेल्या पात्राचा कागद ज्याचा त्यानं फाडायचा. तू फाडला नाहीस. उठून उभा राहिलास आणि अगदी हळू म्हणालास, ‘नॉर्बर्ट, पडदा उचल.’

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी फासा मुठीत घेतला. मग तुझा आवाज चढला. हात पडद्यावर बसला, पुठ्ठा उडाला, कॉफीचा थर्मास डोरीनच्या मांडीवर आडवा झाला, आणि चर्चच्या तळघरात बोलू नयेत असे शब्द तू बोललास. ते मी अहवालात लिहिलं. जे जे लिहिलं ते खरं होतं. ‘आरडाओरडा केला, टेबलावर हात मारला, एका सदस्येला इजा झाली.’ खाली सही केली, आणि त्यावरून मंडळानं तुझ्यावर बंदी घातली. तू गेल्यावर ऑस्वाल्डचा कागद मीच फाडला, रीत म्हणून.

लाइल, फासा सहाचा होता.

चूक झाली नाही, डोळ्यांना झापड नव्हती. सहा स्वच्छ दिसत होता, आणि मी एकोणीस म्हणालो. तुला तोंडानं जे सांगायला हवं होतं ते मी त्या श्वापदाकडून करवून घेतलं. मनात म्हटलं, पात्र मेलं की हिरमुसून जाईल आपोआप, कुणाला काही बोलायला नको. तू हिरमुसून गेला असतास तर हे आयुष्यभर माझ्या पोटात राहिलं असतं आणि मी सुखानं झोपलो असतो.

दुसऱ्या रविवारी खुर्च्या मांडताना डोरीन म्हणाली, ‘बरं केलंस. ब्याद गेली.’

‘फाशानं केलं,’ मी म्हणालो.

‘मला चष्मा लागतो, नॉर्ब, आंधळी नाही झाले अजून. तुझ्या डाव्या हाताला बसते मी. सहा होता.’ आणि माझ्या पाठीवर थाप मारून ती कॉफी चढवायला गेली. ती थाप मला अजून टोचते.

तरीही मी टाळत राहिलो. हार्टुंगबाईंना ‘उत्तर कळवतो’ म्हणून फोनवर सांगितलं. गेल्या गुरुवारी हिल्डानं मला सॉसेज आणायला पिटाळलं. दुकानाच्या मांसविभागात तू कामावर नसशील अशा वेळी मी जायचो, त्या दिवशी तू होतास. मी म्हणालो, ‘दोन पौंड.’ तू मानही वर केली नाहीस. सॉसेज काट्यावर ठेवलंस, आकडा दोनच्या किंचित खाली होता, आणखी एक ठेवलंस. मग काटा माझ्याकडे वळवलास. मला नीट दिसावा म्हणून. मी ‘हं’ म्हणेपर्यंत थांबलास आणि मग कागदात गुंडाळलंस.

प्रत्येक गिऱ्हाइकाला तू तसाच काटा दाखवतोस, असं तिथली बाई म्हणाली. माझ्यासाठी मुद्दाम केलं नसशील. त्यानंच मी घरी येईपर्यंत अर्धा झालो. हिल्डानं विचारलं, ‘तोंड का असं?’ तिला सगळं सांगितलं. तिनं सॉसेजचं पाणी उतू जाईपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मला काय सांगतोस? मी कुठे होते त्या टेबलावर?’

काल हार्टुंगबाईंना पत्र टाकलं. त्यात लिहिलं, की फासा सहाचा होता, मी एकोणीस म्हणालो, आणि पडदा उचल म्हणण्याचा लाइल प्रोहास्का याला पूर्ण हक्क होता. मंडळाच्या नियमात फाशाबद्दल खोटं बोलणाऱ्या खेळवणाऱ्याला टेबल मिळत नाही. पान तुला माहीत असेल, मी शोधून काढलं. टेबल चालवायचा माझा परवाना त्याच पाकिटात घातला. डोरीनला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘एकोणीस वर्षांचं टेबल त्या माणसापायी घालवलंस? आणि माझ्या मांडीचं काय?’ म्हटलं, मांडीचंही सांगणार आहे. तिनं फोन ठेवला. ती टेबल चालवायला घेईल असं वाटतं. तिला येतं सगळं.

आता ते, जे जानेवारीत सांगायला हवं होतं. लाइल, तू लोकांना बोलू देत नाहीस. तुझं बरोबर असतं आणि तरी समोरचा माणूस त्यानं लहान होतो. नीलला तू लहान केलंस. परत टेबलावर बसलास तर त्याचं ते भाषण पूर्ण ऐकून घे, राक्षसाला कळो न कळो. हे बोलायचा अधिकार मी घालवलाय, ते मला ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण आता तुझ्यापासून काही झाकायचं राहिलं नाही.

ऑस्वाल्डचा कागद मी चिकटवून पाहिला. तुकडे जुळले, पण एक कोपरा सापडला नाही. सोबत पाठवतोय. मंडळ त्याला जिवंत धरील की नाही, ते शनिवारी विचारीन.

माफ कर असं लिहायला बसलो होतो. पण तो शब्द पत्रात लिहिणं सोपं आहे, पडद्यामागून बोलल्यासारखं. तेव्हा तो इथे लिहीत नाही. मॅडिसनला ये. माझ्या शेजारी बसू नकोस, समोरच्या खुर्चीत बस. मला तुझ्याकडे बघून सांगायचंय.

शनिवारी दहा वाजता तिथे असणारा,
तुझा अपराधी,
नॉर्बर्ट