दादाचा बिल्ला, नंबर ४१२

३ मार्च १९९५, बेल्लमपल्ली
आलो एकदाचा! आमच्या बेला गावाहून दोन बसा बदलल्या, हाडं खिळखिळी झाली, पण दादाच्या क्वार्टरची पत्र्याची पडवी पाहिली आणि शीण गेला. इथेच माझं दुरुस्तीचं दुकान. दादाने पोटाला चिमटा काढून मला रेडिओ-टीव्हीचा कोर्स करवला, आता त्याला आराम द्यायचा. तीन वर्षांमागे इथल्या कोळसा खाणीचं छत कोसळून तो दोन दिवस आत अडकला होता. तरी रोज पहिल्या पाळीला हसत उतरतो. रुख्मिणीवहिनींनी चहा देताना टोमणा मारलाच, आमचे इंजिनेर भाऊजी आले म्हणून.

५ मार्च
भंगारवाल्याला एक जुना रेडिओ देऊन टीव्ही गेम आणला. अँटेनाच्या तारेतून चित्र यायचं, सगळं मुंग्या-मुंग्यांचं. खोलला. बोर्डावरून चित्राची तार वेगळी काढली, मध्ये ट्रान्झिस्टर बसवला आणि थेट टीव्हीच्या मागे दिली. चित्र लख्ख! पण व्होल्टेज सांभाळणारा तीन पायांचा रेग्युलेटर इतका तापतो की बोट टेकवता येत नाही, आणि दहा मिनिटांत चित्र गोठतं. उष्णता ओढून घ्यायला त्याला धातूचा तुकडा जोडायला हवा.

६ मार्च
मिळाला. कॅलेंडरमागे खिळ्याला पितळेचा गोल बिल्ला लटकत होता, धुळीने माखलेला. ४१२ कोरलेलं, वर आयतं भोक. रेग्युलेटरला स्क्रूने कसला. दोन तास खेळलो, चित्र एकदाही गोठलं नाही. वहिनी नळावर होत्या, विचारायचं राहिलं. दुसरा पत्रा मिळाला की परत लावीन. आज स्वतःवर भलताच खूश आहे.

७ मार्च
दादा कामावर गेला आणि मी गेम लावला. मोटारींची शर्यत लागायला हवी होती, लागला काळा बोगदा. त्यात ठिपक्यांचा एक माणूस, कमरेत वाकलेला, डोक्यावर दिवा. गुण ४१२ वर अडकलेले. बटणं दाबली, तो ऐकेना. मग वरून दगड पडले आणि त्याच्या मागची वाट बुजली. मी हसलो, काय भिकार कॅसेट म्हणून.
तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला.
छत कोसळलं. बाकीचे बाहेर आले. दादा एकटा आत.

८ मार्च
दादा जिवंत आहे. आतून दगडावर ठोकतो, बाहेर ऐकू येतं. त्याच्या पाळीतला खुशाल नावाचा कामगार निरोप घेऊन येतो-जातो.
दहाला वीज गेली. पडदा काळा. सव्वादहाला आली तेव्हा गेम आपोआप तिथेच सुरू झाला, पण माणूस आडवा पडलेला, दिवा मंद. थोड्या वेळाने खुशाल आला. ठोकण्याचा आवाज दहाला थांबला होता म्हणे, सव्वादहानंतर पुन्हा सुरू झाला, पण हळू.
शेजारच्या अमृतरावांना बोलावलं. तीस वर्षं त्यांनी खाणीच्या लॅम्परूममध्ये, उतरणाऱ्यांना दिवे देतात त्या खोलीत, कामगारांचे बिल्ले सांभाळले. गेमला कसलेला बिल्ला पाहून त्यांनी वाकून नंबर वाचला. कोनं काढला रे बापा, एवढंच आधी म्हणाले.
मग सांगितलं. उतरताना बिल्ला काढायचा, वर आल्यावर ज्याचा त्यानेच टांगायचा. अपघातातून वाचलेला माणूस तो बिल्ला घरी आणून स्वतःच्या हाताने खिळ्याला लावतो. मी वर आलो, ही त्याची नोंद. तो काढला की माणूस पुन्हा खाली.
मी विचारलं, मीच परत टांगला तर? ते म्हणाले, दुसऱ्यानं टांगला त नंबर टांगणाऱ्याच्या नावावर चढते.

९ मार्च
गेमला स्कूटरची बॅटरी जोडली. वीज गेली तरी बंद पडायला नको. टीव्ही काळा झाला तर होऊ दे, गेम चालला पाहिजे.
वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. रिकाम्या खिळ्याकडे पाहत बसतात. मीच केलं हे, असं सांगायला गेलो आणि पाण्याचा तांब्या ठेवून परत आलो. भित्रा आहे मी.
पडद्यावर पाणी शिरलं आहे. त्याच्या गुडघ्यापर्यंत. खुशाल म्हणतो, ठोकणं आता फार वेळाने एकदा —

१० मार्च, सकाळ
पाणी छातीला. दिवा जवळजवळ विझला.
ज्याने शिकवलं त्यालाच मी —
नाही. गेम चालू ठेवूनच स्क्रू काढला, बिल्ल्याच्या जागी डब्याचा पत्रा कसला. बिल्ला तापलेला, बोटं भाजली. माझ्या हाताने खिळ्याला टांगला.

अकरा
वाट फुटली! दादा निघाला! खुशाल ओरडत आला, वहिनी अनवाणी धावल्या. मी पोटभर रडलो.
पडद्यावर मात्र अजून माणूस आहे. डोक्यावर दिवा नाही. हातात वही.

दुपार
वर पडवीचा पत्रा तापला असेल. मला हुडहुडी भरली आहे. ओळी दिसत नाहीत, चाचपडत लिहितो. पायाशी पाणी.
दादाचा आवाज. घरात आला. मला हाका मारतो. मी ओ दिली. पुन्हा दिली. त्याला —
वहिनी म्हणतात, भाऊजी आत्ता इथंच तं होते.
अमृतराव त्याला सगळं सांगताहेत. दादा चिडला. या डब्यानेच घात केला, म्हणतो. फोडतो म्हणतो. आधी बंद करतो —
दादा, बटणाला हात नको लावू. मी आत —
दादा, न