बाभळीखालचं दुकान

२ जानेवारी, सकाळी १०
ठरलं. या महिन्यात आपलं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान मोबाइलच्या सर्चमध्ये एक नंबरला आणायचं. मोटर जळाली की माणूस आधी खिशातला फोन काढतो आणि जे पहिलं दिसेल तिथं जातो. याला मोबाइल एसईओ म्हणतात. थोरल्या भावाला, उत्तरेश्वरदादाला, अर्धा तास समजावलं. तो तार गुंडाळत राहिला. शेवटी म्हणाला, एकतीस तारखेपातुर फोन बघून धा गिऱ्हाइकं आली पायजेत. न्हाय आली तर गुमान माझ्याशेजारी वायंडिंगला बसायचं.

वायंडिंग! जळक्या तारेचा वास, वार्निश, नखांत काळं तेल. नुसत्या विचारानं शिसारी येते. बी.कॉम. यासाठी केलं?

५ जानेवारी
माकणीत आमच्या गल्लीत रेंज एक काडी. भरपूर येते ती फक्त धरणाच्या रस्त्याला, वळणावरच्या बाभळीखाली. तिथं हरिबा शेळ्या राखतो. लेंड्या, माशा, बोकडाचा वास. नाकाला रुमाल बांधून ऑफिस सुरू केलं.

नकाशावर दुकान टाकलं. ‘सध्याची जागा’ यावर बोट दाबलं, झालं. दोन मिनिटं. लोक याचे कोर्स करतात.

८ जानेवारी
जुनं सिम कालव्यात फेकलं. सकाळ झाली की गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. एकूण एक नातेवाईक. किळस आली. दुकानाचं खातं त्याच नंबरवर उघडलंय, पण एकदा उघडल्यावर नंबर कशाला लागतो.

१० जानेवारी
वेबसाइट तयार. वर माझा ब्लेझरमधला फोटो, त्याखाली माझे विचार, सगळ्यात खाली फोन नंबर. दुकानाचा गल्ला सांभाळते ती दैवशाला, म्हणजे आमची बायको. तिनं घरी फोनवर उघडली. तिचं पिठलं शिजून झालं तेव्हा फोटो कपाळापर्यंत आला होता. म्हणाली, अवो, मोटर जळालेला माणूस तुमचं कपाळ बघत बसंल व्हय? नंबर वर घ्या. मोठा करा, अंगठा बसंल एवढा.

युजर एक्सपीरियन्सवर आता ही बोलणार!

१३ जानेवारी
एक नंबर!!! ‘बेस्ट सबमर्सिबल पंप रिवायंडिंग सोल्युशन्स माकणी’ असं इंग्रजीत टाकलं की सगळ्यात वर आपण. माझ्या फोनवर चाळीस वेळा बघितलं. चाळीसही वेळा वर. दादाच्या फोनवर दिसलं नाही, पण त्याच्या काचेवर ग्रीस आणि चुना, काय दिसणार? हात लावला आणि साबण शोधला.

दादा म्हणाला, आसं कोण शोधतंय? लोकं फोनला तोंडानं सांगत्यात, मोटर भरून देणारा जवळ कोण हाय.

अडाणी लोक. त्यांच्यासारखंच लिहायचं तर मी शिकलो कशाला.

१७ जानेवारी
साइटला भेटी २१२. त्यातल्या २०० बाभळीखालून. म्हणजे हा पट्टा आपलं मोठं मार्केट दिसतंय. लक्ष द्यायला हवं.

१९ जानेवारी, दुपारी
कामात व्यत्यय. छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबतो, मागं मोटर, ड्रायव्हर फोनकडं बघतो, बाभळीकडं बघतो, पचकन थुंकतो आणि मलाच विचारतो, दुकान कुठंय? मी इअरफोन न काढता हरिबाकडं बोट दाखवतो. हातात फोन असून पत्ता विचारत हिंडतात. अशांसाठी मी राबतोय.

२२ जानेवारी
आज तिसरी गाडी. हरिबा प्रत्येकाला काठीनं रस्ता दाखवतो आणि वर तंबाखू मागतो. दोघं एकाच डबीत बोटं घालतात. ओकारी.

३१ जानेवारी
दहा पूर्ण! दादा स्वतः म्हणाला. दहावा अणदूरचा रणधीर. मी छाती काढून दुकानात गेलो, तर तो गल्ल्यापुढं ओरडत होता. फोन म्हणतोय पोचलात, अन् म्होरं बघतो तर शेळ्या! त्या म्हाताऱ्यानं वाट सांगितली म्हणून आलो, न्हायतर लोहाऱ्याला चाललो हुतो. तिथं कानात बोंडं घालून एक येडं बसलंय, त्याला कायबी इचारा, हात करतंय.

दैवशालानं नकाशा उघडला. दुकान बाभळीखाली. मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, किरकोळ तांत्रिक बाब आहे. जागा बदलायला कोड लागतो. कोड जुन्या नंबरवर येतो. नंबर कालव्यात आहे. ते सिम कुणाच्या नावावर घेतलं होतं ते आठवत नाही. दुसरी नोंद टाकतो म्हणालो तर दादानं फोन काढून घेतला. रात्रीच्या जेवणाला परत दिला.

४ फेब्रुवारी
हरिबा महिनाभर लेकीकडं वाशीला चाललाय. दादा म्हणाला, वळणावर माणूस लागंल, गाड्या परत जायला नकोत.

मी आपणहून म्हणालो, दादा, मी वायंडिंगला बसतो. खरंच म्हणालो.

दादा म्हणाला, नगं. तू भरलेली मोटर आठ दिवसांत माघारी येईल. तू तिथंच बरा हायेस.

हरिबा म्हणाला, मग भागवता, शेळ्याबी बघ की. तसाबी बसूनच असतोस.

७ फेब्रुवारी
नऊ शेळ्या. एकीनं इअरफोन खाल्ला. शर्टाचा वास धुऊन जात नाही. दैवशाला जेवायला बाहेर ओट्यावर वाढते.

पण हेही मोबाइल एसईओच आहे. गिऱ्हाईक सगळ्यात आधी मलाच भेटतं.

९ फेब्रुवारी, सकाळी ११
पहिला रिव्ह्यू आला! चार स्टार! तसाच उतरवून ठेवतो.

‘मोटर झकास भरली. फोन बाभळीखाली नेतो, पण तिथला शेळ्यावाला वाट सांगतो. एक स्टार कमी दिला, आधीचा शेळ्यावाला जास्त नीट सांगायचा.’