नाडी बहात्तर

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५
ॲन आर्बर

चीड येतेय, आणि नक्की कोणाची ते कळत नाही. हेरॉइन सोडायला आज वॉल्टर वॉर्डात दाखल झाला, पन्नाशीचा माणूस. सकाळपासून नशा तुटल्याची सगळी लक्षणं: जांभया, नाक गळतंय, हातांवर काटा. पण नाडी ७२! आमच्या स्टडीचा नियम असा, की नाडी नव्वदच्या वर गेली तरच त्रास खरा धरायचा आणि तो शमवायला मेथाडोन द्यायचं.

तीनदा मोजली. ७२, ७४, पुन्हा ७२. तो म्हणाला, "डॉक्टर, मी नाटक करत नाहीये." आणि मी काय म्हणाले? "आकडा तसं सांगत नाही." शहाणीच मी!

संध्याकाळी त्याची बायको आली. पर्समधून बाटली काढून म्हणाली, "बी.पी.ची सकाळची गोळी घेऊनच आलाय तो." प्रोप्रॅनोलॉल. ती गोळी नाडी वाढूच देत नाही. मग ७२ नाही तर काय येणार? मेथाडोनचा डोस लगेच दिला, पण दिवसभर तो तळमळला त्याचं काय?

फॉर्मवर इतर औषधांचा रकानाच नाही म्हणे. रकाना नाही म्हणून मी विचारायचंही नाही?

घरी ह्यांना तीच गोळी रोज सकाळी चहाबरोबर मीच देते.