हंगेरीचा रे

बाबा, मी कोण ते आठवतंय का, हे आधी विचारायला हवं. जिवंत होतास तेव्हाही मला हाक मारताना दोन्ही आत्यांची नावं घेऊन मग माझ्यावर यायचास. आता तर तुला जाऊन चाळीस वर्षं झाली. मी तुझी धाकटी. अंजूरच्या घरात चुलीपाशी बसून तुझ्या पेटीबरोबर गाणारी. अक्षर शिकले नाही, म्हणून मी बोलतेय आणि सून लिहितेय.

नातीची उद्या कीबोर्डची परीक्षा आहे, आणि तिला चुकीचं मी शिकवलं. आठवड्यापूर्वी ती सूर घोटत होती. सा, रे, मग कोमल ग, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध नी. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "अगं, ही तर तोडी. तुझा रे चढलाय, काळी पट्टी दाब." बिचारीने आठ दिवस काळी दाबली. काल धामणकर नाक्याच्या क्लासमधले सर म्हणाले, रे पांढराच, ही तोडी नाहीच, हा हंगेरियन मायनर, तिकडच्या संगीतातली सुरावट.

"मायनर म्हणजे अठराच्या आतला ना गं?" मी विचारलं.

ती हसली नाही. "आजी, माझं बोट आता आपोआप काळीवर जातंय."

मग तिला पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. शेजारचे कापडाचे लूम धडधडत होते, तरी कळलं. बाकी सगळे सूर तोडीचेच. ‘ग’वरून ‘म’वर तीच लांब उडी, ‘ध’वरून ‘नी’वर तशीच. फक्त तोडीतला रे ‘सा’ला बिलगून असतो, आणि हा तिथून उठून ‘ग’च्या शेजारी जाऊन बसलाय.

आणि मला तो दिवस दिसतो. मी भाकरी थापतेय, गातेय, रे वर जातो. ओट्यावर तुझी पेटी थांबते. "रे उतरव. तोडीत रे असा मान वर करून बसत न्हाय." मी उतरवते. तोडीपुरता तू बरोबरच होतास. पण तो वरचा रे मला गोड लागला होता, भाकरी करपेपर्यंत मनात धरून बसले होते. हे तुला कधी बोलले नाही. आणि नातीने तोच वाजवला, तर तिला मी तुझ्याच आवाजात अडवलं.

सूनबाई, हा कागद कुठे पाठवायचा नाही, घडी करून ठेव. उद्या पोरीबरोबर तांदळाची भाकरी आणि केळं पाठव. वडे नकोत. तेलकट बोट घसरलं, की जाईल पुन्हा काळीवर.